हात मोजता येतो, नजर मात्र निःपक्ष हवी

‘सर्जनच्या हाताचं कसब मोजता येत नाही, ते शिकवणाऱ्या सरांच्या नजरेलाच कळतं’ असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. नजर लागतेच, पण हात कुणाचा आहे हे तिला माहीत नसावं. मिशिगनमध्ये २० बेरिअॅट्रिक (लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जननी आपल्या एकेका गॅस्ट्रिक बायपासचा, म्हणजे जठराच्या शस्त्रक्रियेचा, व्हिडिओ दिला आणि नाव न कळता इतर सर्जननी त्याला गुण दिले. २०१३ साली निकाल आला: गुणांत तळाच्या चौथाईतल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२. एवढा फरक रुग्ण भोगतो हो!

शस्त्रक्रियेचं कसब तपासायची टोरांटोची ओसॅट्स पद्धत तर नव्वदच्या दशकापासून आहे. ऊतींना किती जपलं, वायफळ हालचाली किती, पुढची पायरी डोक्यात होती का, अशा प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण. टाका घालतानाच बघा: मनगट वळवून सुई तिच्या गोलाईनं काढली तर जखमेची कड शाबूत राहते, सरळ ओढली की फाटते. हे नवख्या परीक्षकालाही दिसतं. नुसतं स्टॉपवॉच लावू नका एवढंच; घाईला गुण मिळाले की मुलं घाईच शिकतात.