.२२ चे राउंड (काडतुसं) मिळेनात. मुलीला २५ मीटरला घालावं की एअरवरच ठेवावं?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, आठवीपासून १० मीटर एअर पिस्तूल करते. यंदा सर म्हणाले, हात बसलाय, आता २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल सुरू करू, म्हणजे .२२ बोअरच्या खऱ्या काडतुसांचं. ती हरखली, मी हिशेबाला बसले आणि तिथेच अडले.

एअरचा खर्च आता अंगवळणी पडलाय. पाचशे पेलेटचा (छर्ऱ्यांचा) डबा आणायचा, हवेचा सिलिंडर भरून घ्यायचा, विषय संपला. .२२ चं काही म्हणता काही कळत नाही. क्लबात विचारलं की उत्तर एकच, "माल आला की सांगतो." मध्यंतरी थोडा आला तो सीनियर मुलांत वाटला गेला, हिच्या वाट्याला पन्नासची एक डबी. दोन सरावांत ती संपली, मग बाई बाकावर बसून दुसऱ्यांचे टारगेट बघत होत्या. भाव विचारावा तर दर खेपेला वेगळा. आमचे हे म्हणतात, रिक्षावाल्याचं मीटर निदान दिसतं तरी!

आपल्याकडे खडकी आहे, वरणगाव आहे, दोन्हीकडे दारूगोळ्याचे कारखाने, मग स्पर्धेचे राउंड परदेशातून का यावे लागतात? सराव नीट व्हायला वर्षाला किती लागतात? आणि एक बाळबोध प्रश्न: कल्याणला माझ्या दिरांकडे लायसन्सचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्यांचा काडतुसांचा कोटा तसाच पडून असतो. त्याचा काही उपयोग?

पामबीच_पेलेट

ताई, आमच्याकडेही तीच बोंब आहे. माझा भाऊ सहा महिने थांबला आणि कंटाळून एअर रायफलकडे वळला. दिरांच्या कोट्याचं जाणकार सांगतील, पण माझ्या मते घरातलीच वस्तू आहे, विचारायला काय हरकत?

नौपाड्याचा_नेमबाज

हरकत आहे, आणि मोठी आहे. म्हणून आधी तेच.

ताई, दिरांच्या काडतुसांचा विषय घरातसुद्धा काढू नका. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नव्हे. त्यांच्या कोट्यातलं एक काडतूस तुमच्या पर्समध्ये सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा तुमच्यावर, आणि दिरांचं लायसन्स जाईल ते वेगळंच. ठाणे असो की नवी मुंबई, लायसन्सचा कारभार पोलिस आयुक्तालयाकडे, तिथे असल्या बाबतीत "चुकून झालं" चालत नाही. शिवाय .३२ चं काडतूस .२२ च्या पिस्तुलात जातच नाही. .३२ लागतं सेंटर फायरला, म्हणजे बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या स्पर्धेला, आणि ती पुरुषांची इव्हेंट. मी स्वतः तीच मारायचो, राज्य स्पर्धेपर्यंत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पोरांच्या मागे उभा राहून बडबड करतो.

आता खडकी-वरणगाव. खडकीत .३२ ची काडतुसं होतात, बुडावर केएफ अशी खूण असते. वरणगावचं मुख्य काम फौजेच्या रायफलींच्या काडतुसांचं. स्पर्धेचं .२२ हे वेगळंच प्रकरण आहे. त्यात बुडाला ठिणगी पाडणारी वेगळी टोपी (प्रायमर) नसते. पेटणारा मसाला पितळी केसच्या काठात आत फिरवून बसवलेला असतो. तो काठभर सारखा पसरला नाही की एक राउंड जोरात जातो, दुसरा ढिला. सेमी-ऑटो पिस्तुलात ढिला राउंड म्हणजे स्लाइड अर्ध्यात अडकणं. असा माल सातत्याने काढणारे जगात मोजकेच: इंग्लंडमधलं एली, जर्मनीतले आरडब्ल्यूएस आणि एसके, आणखी दोन-चार. सेंटर फायरची केस निदान पुन्हा भरता येते, .२२ ची तीही सोय नाही. उडाला की पितळ भंगारात.

या मोजक्या कारखान्यांवर २०२० पासून एकामागून एक आदळत गेलं. कोविडमध्ये अमेरिकेत लोकांनी बंदुका आणि गोळ्या अशा उचलल्या की दुकानांची फडताळं रिकामी झाली. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले, तेव्हा तिकडचं गिऱ्हाईकही युरोपच्या दारात आलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि दारू, प्रायमर सगळ्याला पहिलं गिऱ्हाईक लष्कर झालं. गंमत बघा, बिनधुराच्या दारूतलं नायट्रोसेल्युलोज होतं सरकीवरच्या कापसाच्या आखूड लवेपासून. आपल्या विदर्भात ती लव जिनिंगवाल्यांच्या पायाखाली असते, आणि युरोप तिच्यासाठी चीनकडे तोंड करून बसलेला.

माल निघाला तरी तो स्फोटक म्हणून निघतो. कुरियरने येत नाही, सगळ्या विमान कंपन्या घेत नाहीत. इकडे आयात बहुतेक राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत, किंवा ज्यांनी ठरलेला स्कोअर करून 'रिनाउन्ड शॉट'चा दर्जा मिळवलाय त्यांना त्यांच्या कोट्यात स्वतः. नवी पोरं रांगेच्या शेपटाला. भाव युरो-पौंडात ठरतो, म्हणून दर खेपेला वेगळा. तुमच्या क्लबवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्याही हातात फारसं नसतं.

वर्षाचा हिशेब म्हणाल तर एक मॅच साठ राउंडची, तीस प्रिसिजन (सावकाश नेम धरून), तीस रॅपिड (झटपट), वर दोन्हीकडे पाच-पाच सायटर, म्हणजे नेम तपासायचे बिनगुणांचे शॉट. झाले सत्तर. आठवड्याला तीनदा तेवढे उडवले तर वर्षाला दहा हजार. राउंडमागे दोन रुपये चढले की वीस हजारांचा फटका! एका .२२ च्या पैशात एअरचे सात-आठ पेलेट सहज येतात.

पण दहा हजार लागतात असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्या लेकीने रॅपिडचं वेळापत्रक बघितलंय का? सात सेकंद थांबायचं, हात खाली ४५ अंशांत, मग तीन सेकंदांत हात वर आणि एकच गोळी. एकच! म्हणजे हात उचलण्याचा सगळा सराव एअर पिस्तुलावर होतो. फोनवर सात-तीनचा बझर लावा, पेलेट न भरता समोर कोरा कागद डकवा आणि पुढची साइट वर येताना डोळ्याला कुठे भेटते ते बघा. एअरच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, रॅपिडच्या टारगेटवर १०० मिलिमीटर. तीन सेकंदांत ते वर्तुळ पुरेसं मोठं असतं, घात करतो ट्रिगरचा झटका. एअरचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, इथे किमान १०००. बोटाला हा फरक कळण्यासाठी क्लबच्या .२२ वर रिकामे ट्रिगर मारायचे. पण त्या पिस्तुलाला ड्राय-फायरची सोय आहे ना, ते सरांना विचारूनच. नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते.

दहा_पॉइंट_नऊ

काका, बाकी सगळं मान्य, पण .२२ चा धक्का कोऱ्या कागदावर कळत नाही. मी वर्षभर ड्राय करून पहिल्या स्पर्धेला गेले, प्रिसिजनला पाचातला प्रत्येक दुसरा शॉट खाली. मनगट धक्क्याला घाबरून आधीच ढिलं पडत होतं. थोडे का होईना, खरे राउंड दर आठवड्याला हवेतच.

नौपाड्याचा_नेमबाज

बरोबर आहे तुझं. धक्क्यासाठी खरे राउंड लागतातच, फक्त ते रॅपिडच्या तालमीत उधळू नयेत. आठवड्याला वीस-पंचवीस, सगळे प्रिसिजनला, पाच-पाचच्या सिरीजमध्ये. आणि एक-दोन ठिकाणी मॅगझिनमध्ये सरांना गुपचूप रिकामी केस भरायला सांगायची. तिथे नळी खाली डुचकली की मनगटाची चोरी उघडी पडते.

ऐरोलीची_आई

काका, दिरांचा विषय बंद, आभार. सरांशी बोलले. क्लबच्या पिस्तुलाला ड्राय-फायरची सोय आहे म्हणाले, आणि आठवड्याला पंचवीस राउंड तिच्या नावाने रजिस्टरला लावतो म्हणाले, माल असेपर्यंत. मोठ्या सरावासाठी महिन्यातून एखादा रविवार वरळीच्या रेंजवर. एअर सोडायची नाही असं आमचं तिघींचं ठरलंय, म्हणजे मी, ती आणि आजी. मनू भाकरने पॅरिसला दोन्ही केलं, एअरला ब्राँझ आणि २५ मीटरला चौथी, हे आजीने तिला दहादा ऐकवून झालंय.

नौपाड्याचा_नेमबाज

आजींना राही सरनोबतचंही सांगा. कोल्हापूरची पोर, २०१८ च्या एशियाडमध्ये याच २५ मीटरला सुवर्ण. आणि डबीवरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात डबी उघडी ठेवू नका. गोळीवरच्या मेणाला धूळ चिकटली की ती नळीत जाते, आणि पोरांची बोटंही वडे खाऊन आलेली असतात.

पामबीच_पेलेट

कोट्याबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो. ताई, ऐरोलीचा टोल छोट्या गाड्यांना माफ आहे, तेवढे पैसे राउंडमध्ये घाला.