एकाच पातेल्यातलं सॉसेज-भाजी हलकं कसं करू? मदत हवी आहे

काल रात्रीच्या जेवणाला ६ पोर्क सॉसेज, गाजर, झुकिनी आणि टोमॅटो असं सगळं एकाच पातेल्यात शिजवलं. तेलाचा थेंबही घातला नव्हता, तरी वर हा तवंग! सॉसेज परतून झाल्यावर सुटलेली चरबी टिपून घ्यायला हवी होती, हे नंतर सुचलं. पण मग तळाला धरलेला खरपूसपणाही जाईल ना? चव तर त्यातच असते. झुकिनीचा पार लगदा झाला, गाजर मात्र कचकचीत. (मीठही जास्त झालं. सॉसेजमध्ये असतंच, हे मी दरवेळी विसरते.)

चिकन सॉसेज घेतली तर कोरडी पडतात का? रस्सा दाट करायला क्रीमऐवजी शिजलेले पांढरे बीन्स कुस्करून घातले तर चालतील? आणि झुकिनी नक्की कधी टाकता?