लठ्ठ, स्थूल की ‘तब्येत झालेली’?

प्रश्न : आमच्या गावातल्या आरोग्य शिबिरासाठी फलक लिहायचाय. विषय मोठ्या माणसांचं वाढतं वजन. ‘लठ्ठपणा’ लिहिलं की बायका मान वळवून पुढे जातात. ‘स्थूलता’ निम्म्यांना कळत नाही. तिसरा शब्द सुचवाल का?

– ‘लठ्ठ’ पगाराला शोभतो, माणसाला लावला की टोचतो. ‘गलेलठ्ठ’ तर शिवीच. ‘स्थूल’ म्हटलं की आधी ‘स्थूलमानाने’ आठवतं. शिवाय चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 21व्या अध्यायात, ‘अतिस्थूल’ आठ निंदितांमध्ये येतो, म्हणजे शब्दाला निंदेचा वास जुनाच. फलकावर तो नकोच.

– ताई, मला अडचण ‘तब्येत’ या शब्दात दिसते. मूळ अर्थ प्रकृती, पण आपण ‘लग्नानंतर तब्येत सुधारली हो!’ म्हणतो ते अंग भरल्याबद्दल. माझ्या आईला मधुमेह निघाला, त्या वर्षी गावी गेल्यावर जो तो तिला हेच म्हणत होता. तिलाही बरं वाटायचं. 1972चा दुष्काळ पाहिलेली ती माणसं. अंगावर मांस दिसलं की घरात धान्य आहे, हाच त्यांचा हिशेब. त्यांना दोष देववत नाही, पण रक्त तपासायला आम्हाला उशीर झाला.

– या सगळ्या शब्दांत नुसता डोळ्यांना दिसणारा आकार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तोच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. त्यांना कोण लठ्ठ म्हणेल? म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 25ऐवजी 23वर धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया 25च्या रेघेनेच जास्त वजनाच्या निघाल्या.

– मग आपला ‘पोट सुटणे’च घ्या ना! हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, हे चित्र लगेच उभं राहतं. बोलीत कुणी कुणाला पोट ‘सोडलंस’ म्हणत नाही, ते आपलं ‘सुटतं’. त्यामुळे ऐकणाऱ्यावर ठपका येत नाही. ‘ढेरी’ मात्र नको, ती चिडवायला वापरतात.

– मूळ प्रश्नकर्ती : ‘पोट सुटणे’ बोलताना वापरेन. फलकावर माणसाला विशेषणच लावत नाही. असं लिहितेय : ‘कमरेचा घेर मोजून घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. बाईचा 80, पुरुषाचा 90 सेंटीमीटरच्या वर असेल, तर साखर आणि रक्तदाब आजच तपासा.’ ‘घेर’ आमच्याकडे परकराचाही असतो, त्यामुळे सगळ्यांना कळेल.