सीआयमध्ये सिक्युरिटी स्कॅन लावला, इशारे शेकडो, तरी बिल्ड हिरवा

संत्राबाग
वरूड तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं संत्रा खरेदीचं सॉफ्टवेअर आहे. जँगो फ्रेमवर्क, कोडचा प्रायव्हेट रिपो गिटहबवर, बिल्ड चालवणारा रनर ऑफिसातल्याच लिनक्स मशीनवर. सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत, सेमग्रेप (कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणारं साधन) लावलं तर इशाऱ्यांचा ढीग येऊन राहिला, पण बिल्ड काही अडत नाही. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक यात आहेत, म्हणून नीट करायचं आहे. दिवसा नेट भरवशाचं नाही.

वर्धाकाठ
भाऊ, सेमग्रेप स्कॅनला --एरर दिलं नाही तर इशारे सापडूनही एक्झिट कोड 0, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो. ट्रिव्हीला (वापरलेल्या लायब्रऱ्यांमधले माहीत असलेले दोष शोधणारं साधन) तसंच --एक्झिट-कोड 1 लागते. पण सरसकट आजच चालू करू नका. जुन्या इशाऱ्यांपायी प्रत्येक बिल्ड अडला की कोणीतरी ती पायरीच काढून टाकते. --बेसलाइन-कमिटला मुख्य शाखेचा कमिट द्या; मग पुल रिक्वेस्टमध्ये (मुख्य शाखेत घ्यायला पाठवलेल्या बदलात) नव्यानं आलेलंच तेवढं अडेल. जुनं गंभीर ते आधी, असं हळूहळू निस्तरा.

इथंच बहुतेकांचं अडते: चेकआउट ॲक्शन (बिल्डसाठी कोड उतरवणारी गिटहबची तयार पायरी) मुळात एकच कमिट उतरवते, म्हणून बेसलाइन सापडत नाही. फेच-डेप्थ 0 करा, मग सगळा इतिहास उतरतो. गिटलीक्सलाही (कोडमध्ये राहून गेलेल्या की, पासवर्ड शोधणारं साधन) पूर्ण इतिहास लागतो.

कोरडवाहू
नेटचं पाहा. --कॉन्फिग ऑटो नियम नेटवरून आणते; लागतील ते नियम रिपोतच ठेवा. ट्रिव्हीचा दोषांचा डेटाबेस रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) उतरवा, दिवसा --स्किप-डीबी-अपडेट. मात्र क्रॉन बंद पडला तर शिळ्या डेटाबेसवर सगळं हिरवं दिसत राहते, आणि हे लाल बिल्डपेक्षा वाईट. डेटाबेसची तारीख तपासून जुना असेल तर बिल्ड पाडणारी पायरी टाकाच. सुरुवातीला फक्त हाय आणि क्रिटिकल इशारे, सोबत --इग्नोर-अनफिक्स्ड, म्हणजे ज्यांची दुरुस्तीच आली नाही ते दोष सुटतात.

संत्राबाग
फेच-डेप्थ बदलल्यावर गिटलीक्सनं एसएमएस गेटवेची जुनी की शोधून काढली. इतिहासातून पुसू काय?

वर्धाकाठ
आधी की रद्द करा, नवी घ्या, ती गिटहबच्या सिक्रेट्समध्ये (की, पासवर्ड कोडबाहेर ठेवायची जागा) ठेवा. पुसलं तरी लोकांच्या क्लोनमध्ये ती राहतेच. रद्द झाल्यावर त्या इशाऱ्याचा फिंगरप्रिंट (गिटलीक्स दाखवते ती ओळखखूण) डॉट-गिटलीक्सइग्नोर फाइलमध्ये टाका, नाहीतर तोच इशारा दरवेळी अडवेल.

आणि बाहेरच्यांनी बनवलेल्या ॲक्शन टॅगवर (आवृत्तीच्या नावावर) ठेवू नका, ते नाव दुसरीकडे वळवता येते; पूर्ण कमिट हॅशवर ठेवा. मार्च 2025 मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुसऱ्याच कमिटकडे वळवले, अन् सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. स्कॅनच्या ॲक्शनलाही हाच नियम लावा.