तापलेला वारा गार करत नाही

उन्हाळ्यात बाइक चालवताना जॅकेट काढून नुसत्या टी-शर्टवर चालवलं की वारा लागून बरं वाटतं, असं काही जण म्हणतात. ऊन सौम्य असेल तोवर ठीक. पण त्वचेचं तापमान साधारण 35 अंश सेल्सियस असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून घालतो. घाम येताक्षणी उडून जातो, अंग कोरडं वाटतं आणि शरीरातलं पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. डोकं जड झालं, ब्रेकचा अंदाज चुकायला लागला तर तिथेच सावलीत थांबा, कृपा करून पुढे रेटू नका.

मी सुती टी-शर्ट भिजवून, हलका पिळून जॅकेटच्या आत घालतो. पुढची चेन पूर्ण बंद, बाह्यांचे व्हेंट (हवा आत येण्याच्या फटी) जरासे उघडे. पाणी सावकाश उडतं आणि गारवा टिकतो. पूर्ण जाळीच्या जॅकेटमध्ये टी-शर्ट फार लवकर सुकतो. दमट हवेत तर फारसा उपयोगच नाही.

आणि लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणाऱ्या) इंजिनाच्या बाइकवर सिग्नलला पायावर येणारा गरम झोत रेडिएटरच्या पंख्याचा असतो, बिघाड नव्हे. एअर-कूल्ड (नुसत्या हवेने थंड होणाऱ्या) इंजिनाला उभ्या गाडीत तेवढाही वारा मिळत नाही, तेव्हा सिग्नल लांबला तर इंजिन सरळ बंद करा.