नोटाबंदी: ९९ टक्के नोटा परत आल्या, मग नुकसान कुणाचं झालं?

कांदा_निफाड:
८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, चलनातल्या रकमेच्या जवळपास ८६ टक्के. रिझर्व्ह बँकेचाच आकडा आहे, १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. मग काळा पैसा बुडाला कुठं? बुडाला तो आमचा हंगाम. ऐन रब्बीच्या पेरणीत व्यापारी म्हणणार चेक घ्या, चेक टाकायचा जिल्हा सहकारी बँकेत, तिथं कॅश नाही, आणि मजुराला बाजाराच्या दिवशी रोखच लागते, त्याला काय सांगायचं?

सीए_चिंचवड:
परत आल्या म्हणजे पांढऱ्या झाल्या असं नाही हो. बँकेत आला की पैशाला नाव चिकटतं, पॅन लागतो, नोटीस जाते. माझे कितीतरी क्लायंट कच्च्या बिलावरून पक्क्यावर आले. आज भाजीवालीकडेपण क्यूआर आहे. त्रास झाला, पण १९७८ लाही मोठ्या नोटा रद्द केल्याच होत्या की.

यंत्रमाग_इचलकरंजी:
७८ ची तुलना चुकीची आहे दादा. तेव्हा १०००, ५००० आणि १०००० च्या नोटा गेल्या, सामान्य माणसाने त्या क्वचितच बघितलेल्या. २०१६ ला मजुराच्या खिशातलीच गेली. आमच्याकडं मजुरी आठवड्याला आणि रोख. सूतवाला थांबला की सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचं काम थांबतं, मग माग, मग कांड्या भरणारी कांडीवाली घरी बसते. तिच्याकडं कसला काळा पैसा? बँकेतनं आठवड्याला बचत खात्याचे २४ हजार, चालू खात्याचे ५० हजार निघणार, त्यात कारखान्याची मजुरी कशी भागवायची? नवी २००० ची मिळाली तरी सुट्टे कोण देणार, आणि तिचा आकार वेगळा म्हणून एटीएमपण बदलत बसले. तीच नोट २०२३ ला परत मागवली. क्यूआरचं म्हणाल तर यूपीआय नोटाबंदीच्या आधीच सुरू झालेलं, स्वस्त डेटापण.

सीए_चिंचवड:
असेल, पण सवय त्या धक्क्याने लागली. आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ ला निर्णय वैध ठरवलाय.

कांदा_निफाड:
चार न्यायाधीश विरुद्ध एक, आणि कोर्टाने प्रक्रिया तपासली, शेतकऱ्याचं नुकसान मोजलं नाही. सवयीचं म्हणता तर तेव्हा लोकांकडं जवळपास १८ लाख कोटींची रोकड होती, आज ती तीसच्या वर आहे. माझा मेन मुद्दा जिल्हा बँकेचा. पीककर्ज विकास सोसायटीतून, म्हणजे गावच्या सहकारी पतसंस्थेतून, जी याच बँकेशी जोडलेली, दुधाचं ऊसाचं बिल पण बऱ्याच जणांचं तिथंच, आणि १४ नोव्हेंबरला तिलाच जुन्या नोटा घ्यायला बंदी.

सीए_चिंचवड:
तिथलं केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख तपासणं, कच्चं होतं, पुढाऱ्यांचा पैसा खपला असता.

कांदा_निफाड:
मग खाती तपासायची, संशय असेल ती गोठवायची. पुढाऱ्याची खाती शहरातल्या चार बँकांत असतात, आमच्या गावात ती एकच बँक. तुम्ही शहरात रांगेत दोन तास उभं राहून पैसे बदलले, आम्हाला रांग लावायला काउंटरच ठेवला नाही.