मदत हवी आहे: ‘नव्वद टक्के झाले’ या उत्तरावर कितपत विसंबावे?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीत (लोखंड ओतण्याच्या कारखान्यात) नवीन कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, कामांचे नियोजन मी पाहतो. पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात ती प्रतिकृती), कोअर बॉक्स (आतील पोकळीसाठीचा गाभा घडवण्याची पेटी), नमुन्याचे ओतकाम, मशिनिंग आणि ग्राहकाची मंजुरी या साखळीतील एक कडी लांबली की पुढचे सारे अडते, हे ठाऊक असूनही गेल्या पावसाळ्यात ८ आठवड्यांचे काम १४ आठवड्यांवर गेले.

ग्राहकाने पंपाच्या बॉडीची फ्लँज (जोडणीची कड) ४ मिलिमीटरने जाड करण्यास फोनवर सांगितले. आमच्याकडे त्याच दिवशी ड्रॉइंगची ‘सी’ आवृत्ती निघाली, परंतु पॅटर्नमेकरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली प्रत ‘बी’ हीच राहिली. ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसते, तेवढे धरून त्यांनी पॅटर्न अगदी चोख बनवला; फक्त तो जुन्या मापाचा होता. नमुने मशीनवर चढले तेव्हा फ्लँजला माल कमी असल्याचे उघड झाले. त्याआधीचे तीन सोमवार काम कुठवर आले हे मी विचारत होतो आणि ‘नव्वद टक्के झाले’ हेच ऐकत होतो. कोणी खोटे बोलत नव्हते. माझे विचारणेच चुकत असावे.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. आमचे खानापूर भागातील मोल्डर (साचे भरणारे कामगार) जुलैमध्ये भात लावणीला गावी जातात, हे दरवर्षी पाहूनही तो पंधरवडा मी वेळापत्रकात पूर्ण कामाचा धरला होता.

जुन्या ओळखीच्या ग्राहकाकडे प्रत्येक बदलासाठी लेखी पत्र मागणे अविश्वासाचे वाटते. ते कसे हाताळावे? आणि उशीर झाल्यास हाताशी असावेत म्हणून धरलेले राखीव दिवस प्रत्येक टप्प्याला द्यावेत की शेवटी एकत्र ठेवावेत?

प्रतिसाद

पत्र मागू नका, आपणच पाठवा. फोन ठेवताच ‘आत्ताच्या बोलण्यानुसार फ्लँज ४ मिलिमीटरने जाड, त्यामुळे तारीख इतके दिवस पुढे, आपला होकार आल्यावर पॅटर्नला हात लावतो’ एवढे लिहून टाकावे. आमच्या मच्छे येथील मशीन शॉपमध्ये यावर आजवर कोणी रुसलेले नाही. नवी प्रत देताना जुनी मात्र हातात परत घ्यावी, नाहीतर ती भिंतीवरच राहते.

टक्के विचारणे सोडून द्या. ‘किती दिवस बाकी आणि कशासाठी अडले आहे’ असे विचारा. मापे तपासून सही झाली तरच कोअर बॉक्स पूर्ण, तोवर शून्य.

राखीव दिवस शेवटी एकत्र ठेवणे मला योग्य वाटते, कारण टप्प्याला दिलेले दिवस तिथेच खर्ची पडतात आणि काम लवकर संपले तरी वाचलेला दिवस पुढच्याच्या हाती लागत नाही. लावणीचा पंधरवडा मात्र यात धरू नका; तो आधीच ठाऊक आहे, तेव्हा सरळ सुट्टी म्हणून मांडावा.

आपले पॅटर्नमेकर एका वेळी किती कामे हाती धरतात, हेही कळवावे. आमच्याकडे खरी खोट तिथेच निघाली होती.